वॉरंट सीमेपाशी अडतं तेव्हा

२०१७ या एका वर्षात ब्रिटिश पोलिसांनी एका संगणकीय यादीला ५३ कोटी ९० लाख वेळा प्रश्न विचारला. २०१९ मध्ये ५७ कोटी १० लाख वेळा. छपाईची चूक वाटावी असे हे आकडे आहेत, पण त्यामागची रीत अगदी साधी होती. रस्त्यात एखादी गाडी अडवली, की हवालदार चालकाचे नाव किंवा गाडीचा नंबर आपल्या देशाच्या पोलीस संगणकात टाकायचा. तोच प्रश्न आपोआप ‘शेंगेन माहिती प्रणाली’ या युरोपभरच्या सामाईक यादीलाही जायचा. वेगळे बटण दाबायला नको की वेगळी परवानगी मागायला नको. चालक पोलंडमध्ये खुनाच्या खटल्यात हवा असेल, गाडी फ्रान्समधून चोरीला गेलेली असेल किंवा मागच्या सीटवरचे मूल इटलीतून बेपत्ता झालेले असेल, तर ते काही सेकंदांत पडद्यावर उमटायचे.

३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ११ वाजता, म्हणजे ब्रुसेल्समध्ये मध्यरात्रीच्या ठोक्याला, ही जोडणी तोडली गेली. युरोपीय देशांकडून आलेल्या, गुन्हेगारांविषयीच्या आणि बेपत्ता माणसांविषयीच्या सुमारे ४० हजार सूचना ब्रिटनला आपल्या यंत्रणेतून पुसून टाकाव्या लागल्या. उलट बाजूने ब्रिटनच्या नोंदीही युरोपच्या पडद्यावरून गेल्या. त्या रात्री कुठे दंगल झाली नाही की स्फोट झाला नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत डोव्हर बंदरातले ट्रक होते, मासेमारीचे हक्क होते. पोलिसांचा एक डोळा झाकला गेला आहे, याची बातमी आतल्या पानांवर गेली.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. त्या वेळच्या प्रचारात स्थलांतरितांविषयी बोलणे झाले, संघाला द्यायच्या वर्गणीविषयी झाले, सार्वभौमत्वाविषयी तर फारच झाले. पोलिसी सहकार्याविषयी जे थोडे बोलले गेले, त्यात एक आवाज वजनदार होता. ब्रिटनच्या परदेशी गुप्तचर संस्थेचे, म्हणजे एमआय-६ चे माजी प्रमुख रिचर्ड डिअरलव्ह यांनी मतदानाच्या तीन महिने आधी लिहिले, की बाहेर पडल्याने ब्रिटनच्या सुरक्षेला फारशी झळ बसणार नाही.

हेरगिरीपुरते त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. राष्ट्रीय सुरक्षा ही ज्या-त्या सदस्य देशाची जबाबदारी आहे, असे संघाच्या मूळ करारातच लिहिलेले आहे. ब्रिटन आणि फ्रान्सचे हेर एकमेकांशी बोलतात ते ब्रुसेल्सला मधे न घेता. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याबरोबरची ‘फाइव्ह आइज’ ही व्यवस्था तर संघाहूनही जुनी. या सगळ्याला सार्वमताने धक्का लावला नाही. धक्का बसला तो हेरांच्या खाली दोन पायऱ्या, ठाण्यात आणि रस्त्यावर काम करणाऱ्या पोलिसाला. गुप्तचर प्रमुखाला तिथून तो दिसला नसेल, तर त्यात नवल नाही.

काय होते आणि काय गेले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १९७८ मध्ये ब्रिटन आणि स्पेन यांच्यातला शंभर वर्षांचा प्रत्यार्पण करार संपुष्टात आला आणि १९८५ पर्यंत नवा झाला नाही. चोरांना चोराच्या वाटा बरोबर ठाऊक असतात. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचा, मार्बेयाच्या आसपासचा सूर्यप्रकाशाचा प्रदेश लंडनच्या दरोडेखोरांनी भरून गेला. १९८३ च्या ईस्टरमध्ये लंडनमधल्या सिक्युरिटी एक्स्प्रेस कंपनीच्या कोठारातून ६० लाख पौंडांची लूट झाली, आणि त्यातले संशयित थोड्याच दिवसांत स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर दिसू लागले. ब्रिटिश वार्ताहर त्यांचे पोहण्याच्या तलावाकाठचे फोटो छापत. पोलीस ते फोटो बघत. त्यापलीकडे कोणाला काही करता येत नव्हते. पुढे करार झाला, पण तो मागच्या तारखेने लागू नव्हता. आधी पोहोचलेले बरेच जण तसेच निवांत राहिले.

करार असला तरी काम होईच असे नव्हते. १९९५ मध्ये पॅरिसच्या भुयारी रेल्वेत स्फोट झाले. त्यासाठी पैसा पुरवल्याचा आरोप असलेल्या रशीद रामदा याला त्याच वर्षी लंडनमध्ये अटक झाली. फ्रान्सने त्याला मागितले. तो फ्रान्सच्या हाती पडला डिसेंबर २००५ मध्ये. दहा वर्षे अपिले, फेरविचार, मंत्र्यांचे निर्णय आणि त्या निर्णयांवर पुन्हा न्यायालये असा प्रवास चालला. मधे फक्त एक खाडी होती, आणि तिच्याखालून बोगदाही झाला होता.

त्याच २००५ साली उलट दिशेची एक घटना घडली. २१ जुलैला लंडनच्या रेल्वेत आणि बसमध्ये ठेवलेले बॉम्ब फुटले नाहीत. त्यांतला एक आरोपी हुसेन उस्मान गर्दीतून निसटला, युरोस्टारने पॅरिसला आणि तिथून रोमला गेला. इटलीच्या पोलिसांनी त्याच्या मोबाइलचा माग काढत २९ जुलैला त्याला पकडले. २२ सप्टेंबरला तो लंडनमध्ये होता. रामदाला दहा वर्षे आणि उस्मानला दोन महिन्यांहूनही कमी, हा फरक पडला तो ‘युरोपियन अरेस्ट वॉरंट’मुळे. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर युरोपीय देशांनी २००२ मध्ये ही व्यवस्था मंजूर केली आणि २००४ पासून ती लागू झाली.

तिच्यातली कल्पना आपल्याला अनोळखी नाही. कोल्हापूरच्या पोलिसांना हवा असलेला आरोपी बेळगावात सापडला, तर दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी करार करायचा नसतो. स्थानिक ठाण्याला कळवायचे, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आरोपीला उभे करून ट्रान्झिट रिमांड घ्यायचा आणि गाडीत बसवून आणायचे. एका राज्यातल्या न्यायालयाचा शब्द दुसऱ्या राज्यातले न्यायालय मानते, कारण दोन्हींच्या वर एक घटना आणि एक सर्वोच्च न्यायालय आहे. युरोपने हेच सार्वभौम देशांमध्ये करून पाहिले. मंत्र्यांना बाजूला काढले आणि न्यायालयाने न्यायालयाशी थेट बोलावे असे ठरवले. निर्णयाला साठ दिवसांची मुदत घातली. बत्तीस प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांत ‘हा आमच्याकडेही गुन्हा आहे का’ हे तपासायची गरज ठेवली नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ‘आमचा नागरिक आम्ही देणार नाही’ हे जुने पालुपद बंद केले.

ही सोय नसते तेव्हा काय होते, हे मुंबईला कोणी सांगायला नको. अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला. तो भारतात आला नोव्हेंबर २००५ मध्ये, आणि तेही फाशी किंवा पंचवीस वर्षांहून अधिक शिक्षा होणार नाही अशी हमी पोर्तुगालला दिल्यावर. विजय मल्ल्या यांना लंडनमध्ये एप्रिल २०१७ मध्ये अटक झाली. तिथल्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातल्या बारा नंबरच्या बराकीचे चित्रीकरण मागवले, खिडकीतून उजेड येतो का हे बघण्यासाठी. प्रत्यार्पणाचा आदेश झाला, २०२० मध्ये अपीलही फेटाळले गेले, आणि तरी ते भिजत घोंगडे आजही लंडनमध्येच आहे. परका देश म्हणून रांगेत उभे राहणे म्हणजे काय, ते हे.

ब्रिटनची रांग इतकी लांब झाली नाही. २४ डिसेंबर २०२० रोजी, मुदत संपायला आठवडा उरलेला असताना, लंडन आणि ब्रुसेल्सचे गंगेत घोडे न्हाले. बाराशेहून अधिक पानांच्या व्यापार व सहकार्य कराराचा तिसरा भाग गुन्हेगारी तपासाला दिलेला आहे, आणि परक्या देशाला युरोपीय संघाने इतके कधी दिले नव्हते. डीएनए आणि बोटांचे ठसे जुळवून पाहण्याची ‘प्र्यूम’ व्यवस्था राहिली. विमान प्रवाशांची माहिती मिळत राहिली. जुन्या शिक्षांच्या नोंदी एकमेकांना कळवणे चालू राहिले. आरोपी सोपवण्यासाठी साठ दिवसांची मुदतसुद्धा राहिली. यातली प्र्यूमची गोष्ट तर गमतीची आहे. ब्रिटन तिच्यात जायला वर्षानुवर्षे का-कू करत होता आणि प्रत्यक्ष जोडला गेला २०१९ मध्ये, म्हणजे घर सोडायचे ठरवल्यावर तीन वर्षांनी.

नॉर्वे आणि आइसलँड यांच्याशी तुलना केली म्हणजे ब्रिटनला किती लवकर किती मिळाले ते कळते. त्या दोघांनी अटकेच्या वॉरंटसारखाच करार २००६ मध्ये सह्या करून ठेवला होता. तो अमलात यायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला.

तरी इथे घोडे पेंड खाते. करारात जे राहिले त्यातले पुष्कळसे ‘विचारा म्हणजे सांगू’ या जातीचे आहे. जे गेले ते ‘न विचारता कळते’ या जातीचे होते.

शेंगेन यादीच्या जागी ब्रिटिश पोलिसांनी इंटरपोलचा आधार घेतला. रेड कॉर्नर नोटीस हा शब्द आपल्याकडे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि तिने कोणी आपोआप पकडला जात नाही हेही. युरोपातल्या देशांनी आपली सूचना सामाईक यादीत टाकली, तर ती क्षणात तीसएक देशांच्या शिपायांपर्यंत पोहोचते. मग तीच सूचना ब्रिटनसाठी म्हणून इंटरपोलकडे वेगळी टाकायची तसदी वॉर्सा किंवा माद्रिदच्या कारकुनाने घ्यायला हवी. त्याने घेतली तर ब्रिटनला कळणार. उलट दिशेलाही तेच: ब्रिटनने इंटरपोलकडे टाकलेली सूचना प्रत्येक युरोपीय देशात रस्त्यावरच्या पोलिसाच्या पडद्यापर्यंत थेट जातेच असे नाही, काही ठिकाणी ती आधी राजधानीतल्या कचेरीत येते आणि तिथून कोणीतरी ती पुढे ढकलावी लागते.

या यादीत अटकेच्या सूचनांपेक्षाही तपासाला मोलाची अशी एक सोय होती. एखाद्या माणसावर संशय आहे, पण पुरावा नाही; त्याला पकडायचे नाही, फक्त तो कुठून कुठे जातो ते कळायला हवे. त्याच्या नावापुढे तशी खूण करून ठेवता येई. मग स्लोव्हेनियाच्या टोलनाक्यावर किंवा ग्रीसच्या बंदरात कोणी त्याचा पासपोर्ट तपासला, की त्याला काही न सांगता वेळ, ठिकाण, गाडी आणि सोबतची माणसे यांची नोंद होऊन ती लंडनला पोहोचे. दहशतवादाच्या तपासात अशा ठिपक्यांनीच चित्र तयार होते. इंटरपोलकडे याला तोडीस तोड काही नाही.

मग ब्रिटनला ही यादी पैसे घेऊन का वापरू देऊ नये? वाटाघाटीत हा प्रश्न अनेकदा आला आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच मिळाले. यादी वापरायची तर संघाचे सदस्य असा किंवा नॉर्वे आणि स्वित्झर्लंडसारखे पासपोर्टमुक्त शेंगेन क्षेत्रात तरी या. ब्रिटन दोन्हींत नव्हता. शेंगेनमध्ये तर तो सदस्य असतानाही कधी गेला नव्हता, तरी त्याला या यादीपुरता खास प्रवेश मिळाला होता. त्यात एक अवघड प्रकरण आडवे आले. ब्रिटनने या यादीच्या प्रती आपल्याकडे बेकायदा करून ठेवल्या, असे संघाच्या अंतर्गत पाहणीत आढळल्याचे २०१८ मध्ये फुटले. त्यातच जानेवारी २०२० मध्ये आणखी एक बातमी आली, की परदेशी नागरिकांना ब्रिटनमध्ये झालेल्या सुमारे ७५ हजार शिक्षांची माहिती त्यांच्या देशांना कळवायचीच राहून गेली, आणि चूक लक्षात आल्यावरही ती झाकून ठेवली गेली. बाहेर पडणाऱ्याने जाता जाता असा हिशेब मागे ठेवावा आणि दाराची किल्लीही मागावी, हे ब्रुसेल्सला पटणे कठीणच होते.

पण खरे कारण याहून खोल आहे. युरोपच्या सामाईक याद्या चालतात त्या सामाईक कायद्यावर. माझ्या नागरिकाची चुकीची माहिती दुसऱ्या देशाने यादीत घातली, तर दाद कुठे मागायची? उत्तर: शेवटी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात. नेमके हेच न्यायालय ‘ताबा परत घ्या’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत सर्वांत जास्त सलत होते. ते न्यायालय नको आणि त्याच्या छायेखालची यादी मात्र हवी, असे दोन्ही जमत नाही. हा ब्रुसेल्सचा आडमुठेपणा होता असे अनेक ब्रिटिश आजही मानतात. थोडा असेलही. पण डेन्मार्कला काय मिळाले ते पाहिले, तर तो एकट्या ब्रिटनसाठी राखून ठेवलेला नव्हता हे दिसते. डेन्मार्क संघाचा सदस्य. पण डिसेंबर २०१५ च्या सार्वमतात त्याच्या मतदारांनी न्याय आणि पोलीस विषयांत संघाशी अधिक जोडून घ्यायला नकार दिला. परिणामी द हेग इथल्या युरोपोल या पोलीस संस्थेतून त्याला मे २०१७ पासून बाहेर व्हावे लागले. शेवटी तडजोड निघाली: डॅनिश पोलिसांनी युरोपोलच्या संगणकाला स्वतः प्रश्न विचारायचा नाही, तो युरोपोलमधल्या डॅनिश जाणणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्यांच्या वतीने विचारायचा. आणि ही सोयसुद्धा डेन्मार्क संघात व शेंगेनमध्ये राहील आणि लक्झेंबर्गचे न्यायालय मानेल, तोवरच.

युरोपोलमध्ये ब्रिटन कोणी लिंबूटिंबू नव्हता. २००९ ते २०१८ अशी नऊ वर्षे तिचे प्रमुख होते रॉब वेनराइट, वेल्समधून आलेले ब्रिटिश अधिकारी. संस्थेला माहिती पुरवणाऱ्यांत ब्रिटन पहिल्या काही देशांत असे. आता ब्रिटिश अधिकारी त्या इमारतीत बसतात, पण संपर्क अधिकारी म्हणून. माहितीसाठ्याचा दरवाजा ते स्वतः उघडू शकत नाहीत आणि संस्थेची दिशा ठरवणाऱ्या मंडळात त्यांना मत नाही.

हे सहकार्य जोरात असते तेव्हा काय होते, त्याचा नमुना ब्रिटन बाहेर पडता पडताच दिसला. ‘एन्क्रोचॅट’ नावाचे खास फोन गुन्हेगारी जगात लोकप्रिय होते. त्यांतले संदेश कोणाला फोडता येत नाहीत, अशी त्यांची जाहिरात. जगभरात सुमारे ६० हजार ग्राहक, त्यांतले १० हजारांच्या घरात ब्रिटनमध्ये. या फोनांचे सर्व्हर उत्तर फ्रान्समधल्या रूबे शहरात होते. फ्रेंच जाँदार्मरीने डच पोलिसांच्या मदतीने २०२० च्या वसंतात त्यांत शिरकाव केला आणि कोकेनच्या खेपा, हत्यारांचे सौदे आणि खुनाचे बेत जसेच्या तसे वाचायला मिळू लागले. ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीला हा साठा मिळाला तो युरोपोलमार्फत. त्यासाठी वापरलेला कागद होता ‘युरोपियन इन्व्हेस्टिगेशन ऑर्डर’, एका देशाच्या तपासाचा हुकूम दुसऱ्या देशाने ठरलेल्या मुदतीत पाळायची व्यवस्था. २ जुलै २०२० ला एजन्सीने ‘ऑपरेशन व्हेनेटिक’ जाहीर केले, तेव्हा ७४६ जण अटकेत होते, ५ कोटी ४० लाख पौंड रोख, ७७ बंदुका आणि दोन टनांहून अधिक अमली पदार्थ हाती लागले होते. पुढे आरोपींच्या वकिलांनी हा पुरावा न्यायालयात टिकू नये म्हणून त्या कागदाची अक्षर न् अक्षर चिरफाड केली. तो टिकला. पण जुलैच्या त्या घोषणेनंतर सहा महिन्यांनी तो कागदच ब्रिटनच्या हातून गेला. आता १९५९ च्या एका बहुदेशीय कराराखाली विनंतीपत्रे पाठवायची. ब्रेक्झिट करारातल्या जोड-तरतुदींनी ती थोडी चपळ झाली आहेत, एवढेच.

आरोपी सोपवण्याच्या कामातही एक फट पडली, आणि ती बरीच रुंद आहे. जर्मन नागरिकाला परदेशाच्या हवाली करायला जर्मनीच्या घटनेच्या सोळाव्या कलमाने मनाई आहे. अपवाद दोनच: संघाचा सदस्य देश किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालय. ब्रिटन सदस्य राहिला नाही, त्या दिवशी तो अपवाद त्याच्यापुरता मिटला. जुने नियम तात्पुरते चालू असलेल्या २०२० च्या संक्रमणकाळातच जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया यांनी आपले नागरिक द्यायचे थांबवले. नव्या करारानंतर फ्रान्स, पोलंड, स्वीडन, ग्रीस धरून दहा देशांनी तसे कळवले. ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताक यांनी आरोपीची संमती असेल तर देऊ असे सांगितले. म्हणजे लीड्समध्ये गुन्हा करून पोलिश माणूस मायदेशी पोहोचला, तर त्याच्यावर खटला चालवायचा झाल्यास तो पोलंडमध्ये. साक्षीदार ब्रिटनमध्ये, कागद इंग्रजीत, न्यायालय पोलंडचे. जिच्यावर गुन्हा घडला तिने किती वेळा विमानाने जायचे आणि दुभाष्याच्या मदतीने किती वेळा तेच तेच सांगायचे, हा प्रश्न कराराच्या मजकुरात कुठे येत नाही.

या सगळ्यात कुतूहलाचे पात्र आहे थेरेसा मे. गृहमंत्री असताना त्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये संघाच्या सव्वाशेहून अधिक पोलिसी व न्यायविषयक तरतुदींतून ब्रिटनला बाहेर काढले आणि त्याच दिवशी त्यांतल्या पस्तीस उपयोगी तरतुदींत परत आत घेतले. यात अटकेचे वॉरंटही होते. स्वतःच्याच पक्षातल्या नाराजांशी भांडून त्यांनी ते टिकवले. पंतप्रधान म्हणून मार्च २०१७ मध्ये संघ सोडत असल्याचे पत्र त्यांनीच पाठवले, आणि करार झाला नाही तर दहशतवादाविरुद्धचे सहकार्य दुबळे होईल, असे त्यात लिहिले. युरोपात ते धमकीसारखे वाचले गेले. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत सूर बदलून त्यांनी सुरक्षेसाठी वेगळ्या कराराची मागणी केली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या साध्या खासदार म्हणून मागच्या बाकावर बसल्या होत्या. मंत्री मायकेल गोव्ह उत्तर देत होते, की संघाबाहेर राहून ब्रिटनला आपली सुरक्षा उलट अधिक भक्कम करता येईल. कॅमेऱ्याने त्या क्षणी मे यांचा चेहरा टिपला. डोळे विस्फारून त्या जे पुटपुटल्या, ते दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत होते. सौम्य मराठीत ‘निव्वळ बकवास’.

आयर्लंडच्या बेटावर हा विषय सर्वांत नाजूक. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, दक्षिणेचे प्रजासत्ताक संघाचे सदस्य, आणि मधली सीमा सुमारे ५०० किलोमीटर. तिला ओलांडणारे सार्वजनिक रस्ते दोनशेहून अधिक. काही घरांचे अंगण एका देशात आणि स्वयंपाकघर दुसऱ्यात. १९७२ च्या ऑगस्टमध्ये न्यूरी इथल्या सीमाशुल्क नाक्यावर बॉम्ब फुटून नऊ जण मेले, त्यांत तो आणणारे तिघेही होते. तीस वर्षांच्या त्या रक्तपातानंतर १९९८ च्या कराराने शांतता आली, आणि सीमेवरची ठाणी गेली. उत्तर आयर्लंडचे पोलीसप्रमुख जॉर्ज हॅमिल्टन यांनी ब्रेक्झिटच्या वाटाघाटी चालू असतानाच बजावले होते, की सीमेवर पुन्हा नाके उभारले तर ते हल्ल्याचे लक्ष्य होतील. नाके अखेर उभारले गेले नाहीत. मालाची तपासणी आयरिश समुद्राच्या बंदरांवर सरकली आणि त्यावरून वेगळे राजकारण पेटले.

इथल्या जुन्या पोलिसांना आठवण आहे ती १९८८ ची. आयरिश रिपब्लिकन आर्मीला मदत केल्याचा संशय असलेले पॅट्रिक रायन नावाचे कॅथलिक पाद्री बेल्जियममध्ये पकडले गेले. ब्रिटनने त्यांना मागितले. बेल्जियमने त्यांना विमानात बसवून डब्लिनला पाठवून दिले. मग डब्लिनने, ब्रिटिश वृत्तपत्रांनी इतके रान उठवले आहे की निष्पक्ष खटला होणे शक्य नाही, असे कारण देऊन नकार दिला. मार्गारेट थॅचर यांचा पारा चढला, पण उपयोग शून्य. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, रायन यांनी बीबीसीला सांगितले की आपला त्या कारवायांत हात होता. प्रत्यार्पण हे सरकारांच्या मर्जीवर चाले तेव्हा प्रत्येक आरोपी राजनैतिक पेच होई. वॉरंटची युरोपीय व्यवस्था आली आणि डब्लिन व बेलफास्ट यांच्यामधले हे काम कारकुनी झाले, रटाळ झाले. यापेक्षा मोठी प्रशंसा या विषयात करता येणार नाही.

ती रटाळ शांतता ब्रेक्झिटनंतर एकदा डळमळली. ब्रिटनला हवे असलेले दोघे जण आयर्लंडमध्ये कोठडीत होते. त्यांच्या वकिलांनी मुद्दा काढला, की न्याय व पोलीस विषयांत आयर्लंडला संघाच्या तरतुदींतून बाहेर राहण्याची सूट आहे. मग ब्रिटनशी झालेला सोपवण्याचा करार आयर्लंडला बांधतो कसा? आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न लक्झेंबर्गला पाठवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये उत्तर आले, की बांधतो. ते उलटे आले असते, तर बेटावर पुन्हा १९८८ उगवले असते. ब्रिटनला ज्या न्यायालयापासून सुटका हवी होती, त्यानेच ब्रिटनची ही वाट मोकळी ठेवली. लंडनमध्ये कोणी त्याबद्दल फारसे बोलले नाही.

खाडीतल्या छोट्या बोटींचा विषय मात्र रोज बोलला जातो. २०१८ मध्ये अशा बोटींतून २९९ जण ब्रिटनला पोहोचले, २०२२ मध्ये ४५ हजारांहून जास्त. आश्रय मागणाऱ्याने आधी कुठल्या देशात बोटांचे ठसे दिले हे सांगणारा ‘युरोडॅक’ हा साठा आणि त्याला तिकडे परत पाठवायचा ‘डब्लिन’ नियम, दोन्ही ब्रिटनने गमावले. तरी वाढीचे सगळे खापर त्यावर फोडणे बरोबर होणार नाही. त्या नियमाखाली २०१८ मध्ये ब्रिटनने २०९ जणांना परत पाठवले आणि १,२१५ जणांना घेतले. म्हणजे नियम होता तेव्हाही तो ब्रिटनच्या बाजूने झुकत नव्हता. हानी आहे ती माणसे आणणाऱ्या टोळ्यांच्या तपासात.

मे २०२५ मध्ये लंडनला ब्रिटन आणि संघाची शिखर बैठक झाली. युरोपोलशी सहकार्य वाढवणे, संघाबाहेरच्या देशांच्या नागरिकांच्या शिक्षांच्या नोंदी कळवणे, प्र्यूमखाली चेहऱ्यांच्या छायाचित्रांची देवाणघेवाण करता येईल का ते पाहणे, एवढ्यावर एकमत झाले. शेंगेन यादीचा दरवाजा बंदच राहिला. मजूर पक्षाच्या सरकारने त्यावर फार टकटकही केली नाही.

दरम्यान ब्रिटनमध्ये वादाचा पुढचा विषय ठरला आहे. युरोपीय मानवी हक्क करारनामा हा संघाचा नाही. तो १९५० चा, स्ट्रासबर्गच्या वेगळ्या न्यायालयाचा. त्यातूनही बाहेर पडावे, असे रिफॉर्म यूके पक्ष म्हणत आला आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हुजूर पक्षानेही ते आपले धोरण म्हणून जाहीर केले. या करारनाम्यातून निघायचे तर सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते. ब्रेक्झिट कराराच्या पोलिसी भागाचा शेवट कसा करायचा, तेही २०२० मध्येच लिहून ठेवलेले आहे: एरवी नऊ महिन्यांची मुदत, पण ब्रिटनने हा करारनामा सोडला आणि त्या कारणावरून संघाने नोटीस दिली, तर ज्या दिवशी ब्रिटन करारनाम्यातून मोकळा होईल त्याच दिवशी हा भागही संपेल, आणि नोटीस त्यानंतर दिली तर पंधराव्या दिवशी. साठ दिवसांत आरोपी सोपवणे, डीएनए जुळवणे, प्रवाशांच्या याद्या, शिक्षांच्या नोंदी, युरोपोलमधल्या खुर्च्या हे सगळे त्यात आले.